काय रंग हाय, बाबू?

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुणी मला एखाद्या गोष्टीचा रंग विचारला, तर अजूनही माझं डोकं फिरतं. बायकोला हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. त्यानंतर साडीचा, भिंतीचा, कशाचाही रंग विचारायचा असेल तर ती दुपारी विचारायची. कारण मात्र मी तिला बरीच वर्षं सांगितलं नाही.

जालना तेव्हा तालुक्याचं गाव होतं आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी उर्दू शाळेतून मॅट्रिक झालो होतो, त्यामुळे नव्या राज्यात माझं शिक्षण कुणाच्या फारसं कामाचं नव्हतं. शेवटी जुन्या जालन्यातल्या बिजलीघरात विजेच्या स्विचबोर्डावरचा बाबू म्हणून लागलो. मस्तगडावर आमच्या गल्लीत वडील सगळ्यांना सांगत, की पोरगा गावाला उजेड देतो. मी गावाला खरं तर कारणं देत होतो. आज उशीर का झाला, दिवे लाल का झाले, काल मध्येच का गेले, परवा का आलेच नाहीत. उजेड देणं हे त्या बिजलीघरातल्या कुणाच्याच हातात नव्हतं, असं माझं तेव्हाचं मत होतं.

आमचं बिजलीघर गॅसवर चालायचं. हल्ली गॅस म्हटलं की लोकांना घरातली लाल टाकी आठवते. आमचा गॅस बाहेरून कुठून येत नव्हता. तो आम्ही रोज स्वतः करायचो, आणि कालपर्यंत तो कसा करत होतो हे जणू रोज विसरायचो. लांबलचक पत्र्याच्या शेडच्या एका टोकाला माणसाच्या दीडपट उंचीची लोखंडी भट्टी होती. तिच्यात वरून बाभळीचा लोणारी कोळसा टाकायचा. खाली विस्तव. हा कोळसा भडकू द्यायचा नाही, नुसता लालबुंद ठेवायचा, आणि त्याच्या पोटातून हवा आणि थोडी वाफ ओढून घ्यायची. त्यातून जे निघायचं तो गॅस. पण तो तापलेला आणि राखेनं भरलेला असायचा. म्हणून त्याला आधी एका उंच टाकीत पाण्याखाली आंघोळ घालायची, मग लाकडाच्या भुशाच्या पेटीतून गाळायचा, आणि मग कुठे तो इंजिनाच्या तोंडी लागायचा. इंजिन एका सिलिंडरचं, विलायती, माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठं. त्याला माणसाच्या उंचीचं ओतीव चाक. चाकावरून चामड्याचा रुंद पट्टा डायनॅमोवर गेलेला. डायनॅमोतून वीज माझ्या बोर्डावर, आणि बोर्डावरून बाजारात.

वाचायला सोपं वाटतं. मलाही पहिल्या दिवशी सोपंच वाटलं होतं.

ज्या कुण्या साहेबानं ही सगळी मांडणी केली, त्याचा स्वभाव थट्टेखोर असावा. कारण भट्टीतून गॅस ओढायचं काम इंजिनच करायचं. म्हणजे इंजिन चालू असेल तर गॅस तयार व्हायचा, आणि गॅस तयार असेल तर इंजिन चालू व्हायचं. बाजारात दिवे कमी लागले की इंजिनाची भूक कमी, मग ओढ कमी, मग विस्तव मंद, मग गॅस पातळ. तेवढ्यात सगळ्यांनी एकदम दिवे लावले की इंजिन गॅस मागायचं आणि भट्टी म्हणायची, थांब, चूल विझत आलीय. एवढ्यात माझ्या बोर्डावरचा व्होल्टचा काटा दोनशेवीसवरून घसरत दीडशेवर यायचा. मी बोर्डावरचं चाक फिरवून फिरवून तो वर चढवायला बघायचो आणि बाहेर धान्याच्या अडतीवर बसलेला माणूस बल्बकडे बघून माझ्या घराण्याचा उद्धार करायचा.

रोज पहिल्यांदा सुरू करणं हे तर व्रतच होतं. इंजिन बंद असताना गॅस ओढणार कोण? म्हणून एक माणूस हातानं ब्लोअर फिरवून भट्टीत हवा फुंकायचा. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. तोवरचा कच्चा धूर वरच्या नळीनं बाहेर सोडायचा, कारण तो गॅस विषारी. वासही धड येत नाही आणि माणूस बसल्या जागी लवंडतो. मग इंजिनाजवळच्या पाइपाला एक बारीक तोटी होती, ती उघडून काडी लावायची. ज्योत लाल-पिवळी, आळशी, लवलवती आली तर गॅस कच्चा. निळी, ताठ आली तर पक्का. निळी आली की वरची नळी बंद, इंजिनाकडचा व्हॉल्व्ह उघडा, आणि हवेच्या टाकीतल्या दाबानं इंजिनाला एक धक्का. त्या टाकीत तीन धक्क्यांपुरती हवा असायची. तीन वेळा इंजिन पेटलं नाही, तर हातपंपानं टाकी परत भरायची. त्याला दीड तास लागायचा. एवढ्या वेळात माणूस शिव्या खाऊन पोट भरू शकतो.

ज्योत बघण्याचं काम मिस्त्रीचं. शहागडकडचा माणूस, गोदाकाठचा, साठीला आलेला, काटक, डोक्याला मळका रुमाल. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये एका साहेबाच्या हाताखाली इंजिन शिकला आणि बिजलीघर झाल्यापासून याच इंजिनापाशी होता. बायको वारली होती, मुली आपापल्या घरी. राहायला शेडच्या मागची कंपनीची एक खोली. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे जे काही त्याला कळायचं ते त्याला स्वतःलाच माहीत असायचं. मी काही विचारलं की म्हणायचा, "सवयीनं कळतंय, बाबू." मी वयानं त्याच्या नातवासारखा, पण शिकलेला म्हणून मला तो अहो-जाहो करायचा. त्याच्या त्या "अहो"त मला आदरापेक्षा चेष्टाच जास्त दिसायची.

या मिस्त्रीनं मला चार महिने छळलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला हे सुरू झालं. संध्याकाळी ब्लोअर चालू व्हायचा, ठरल्या वेळी मिस्त्री तोटी उघडून काडी लावायचा, ज्योत यायची, आणि तो मला बोर्डावरून हाक मारायचा.

"बाबू, या बरं इकडं. काय रंग हाय?"

पहिल्यांदा मला वाटलं, हा मला शिकवतोय. बरं वाटलं. मी म्हणालो, "पिवळट आहे." तो म्हणाला, "बराबर. किती पिवळी?" मी म्हणालो, "शेंड्याला." तो म्हणाला, "मंग थांबू."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशीही तेच. मी बोर्डावरचा माणूस. दिवे लागायच्या आधी मला फ्यूज बघायचे, काटे बघायचे, रजिस्टर मांडायचं. आणि हा मला शाळेतल्या पोरासारखा रोज तोटीपुढे उभा करून रंग विचारणार. बरं, मी एकदा सांगितलं की ऐकावं? नाही. मान वाकडी करून, ज्योतीच्या जवळ कान नेऊन, डोळे मिटून, जणू ज्योत त्याला काही गुपित सांगणार आहे अशा थाटात उभा राहायचा. मग म्हणायचा, "आजून जरा." मी म्हणायचो, "मिस्त्री, निळी झालीय की." तो म्हणायचा, "व्हय. आजून जरा निळी होऊ द्या."

आणि घड्याळ पुढे जायचं.

त्याच्या आणखीही तऱ्हा होत्या. तेलाची बुधली स्वतः उचलायचा, पण तेल घालायच्या आधी बोट लावून भोक चाचपायचा. पाना हातात द्या म्हणून हुकूम सोडायचा, पाना समोर पडलेला असला तरी. पाण्याच्या टाकीवरचा दाबाचा काटा मला वाचायला सांगायचा. मला वाटायचं, साठ वर्षांचा झाला म्हणजे माणसानं नबाब व्हावं का? घरी जाऊन मी आईला सांगायचो, आमच्या मिस्त्रीला आता काम नको, दरबार पाहिजे. आई म्हणायची, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. सोडून देण्याइतका माझा स्वभाव मोठा नव्हता.

उशिराचं एक रजिस्टर होतं. दिवे किती वाजता लागले आणि उशीर झाला तर कशामुळे, हे मी लिहायचं. आमचे मॅनेजर पुण्याकडून नवे आलेले, टापटिपीचे. त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी ही भट्टी मोडीत निघणार, डिझेलचं इंजिन येणार. तोपर्यंत मिस्त्रीला ठेवायचं की आत्ताच घरी बसवायचं, हे रजिस्टर बघून ठरवणार. डिझेलवर त्याला हेल्पर म्हणून घेता येईल, काम नीट असेल तर. "तू खरं तेच लिही," ते म्हणाले होते. "मला कुणाची बाजू नको, कारणं पाहिजेत."

कारणं द्यायला मी तयारच होतो. मी लिहायचो, "मिस्त्रीनं गॅस पक्का नाही असं सांगितल्यानं उशीर." पुढच्या दिवशी खाली नुसतं "वरीलप्रमाणे". पानं उलटली तर वरीलप्रमाणेची रांगच दिसायची. एक गोष्ट मी कुठेच लिहिली नाही: त्या चार महिन्यांत इंजिन पहिल्या धक्क्याला सुरू झालं नाही असा एकही दिवस नव्हता. ती नोंदायला रजिस्टरात रकाना नव्हता, आणि मलाही सुचलं नाही.

सगळ्यात जास्त ताप व्हायचा तो कापडबाजारातल्या शेठजींचा. मारवाडी घर, तीन-चार पिढ्या जालन्यात. दुकानात त्यांनी हौसेनं एका रांगेत बल्ब लावले होते. सहा वाजून गेले आणि दिवे आले नाहीत, की शेठजी स्वतः चालत बिजलीघराच्या दारात येऊन उभे राहायचे. ओरडायचे नाहीत. छडीवर दोन्ही हात ठेवून उभे. "बाबू," एवढंच म्हणायचे, "आज भी?" तेवढं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिव्या देणारा माणूस परवडतो.

असं करत दिवाळी आली.

लक्ष्मीपूजनाचा दिवस. अवसेचा अंधार, आणि संध्याकाळच्या मुहूर्ताला अख्ख्या बाजारात एकदम दिवे लागायला हवेत. शेठजींनी दुकानावर जास्तीच्या माळा लावल्या होत्या. इतरांनी त्यांच्यावर कडी करायला आणखी लावल्या होत्या. मॅनेजर दुपारपासून शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. आणि दोन दिवसांपूर्वी परतीचा पाऊस पडून गेला होता, त्यात कोळशाची पोती भिजली होती. ओल्या कोळशाचा गॅस कधी धड होत नाही. मिस्त्रीनं सकाळीच पोती उन्हात पसरून ठेवली होती, पण कार्तिकाच्या तोंडावरचं ऊन ते. कोळसा वरून वाळला आणि आत ओलाच राहिला.

पाच वाजता ब्लोअर सुरू झाला. तो फिरवणारा माणूस घामानं निथळला, त्याच्या जागी मी बसलो, माझ्या जागी तो, असं दोन वेळा झालं. साडेपाचला मिस्त्रीनं काडी लावली. लाल. पावणेसहाला लावली. लाल, शेंड्याला पिवळी, मध्येच फडफडणारी. दारात शेठजी आले. त्यांच्या मागे दुकानदारांची आणखी पंधरा-वीस माणसं. बाहेर रस्त्यावर पोरं फटाक्यांच्या लडी लावत होती, इतका आवाज की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. शेठजी आज काहीच म्हणाले नाहीत. छडीवर हात ठेवून नुसते बघत राहिले. मॅनेजरनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं, आत ठेवलं, परत काढलं.

सहाला मिस्त्रीनं तोटी उघडली, काडी लावली आणि मला हाक मारली.

"बाबू, काय रंग हाय?"

माझ्या पाठीला ब्लोअरची कळ, कानात फटाके, दारात वीस माणसं, आणि समोर हा म्हातारा, जो स्वतःच्या नाकापुढची ज्योत मला विचारतोय. ज्योत लालच होती. आधीपेक्षा जरा बरी, बुडाशी निळसर, पण लाल. मला ते दिसत होतं. पण मला त्या क्षणी वाटलं, हा आता परत "आजून जरा" म्हणणार, परत कान लावणार, परत सगळं गाव माझ्याकडे बघत राहणार. मी म्हणालो,

"निळी."

"बराबर बघा. शेंडा?"

"निळी आहे म्हणतो ना. एकदम निळी. किती वेळा विचारणार?"

मिस्त्रीनं मान वाकडी करून कान जवळ नेला. बाहेर एक लांबलचक लड तडतडत होती. त्यानं जरा वाट पाहिली. लड संपेना. मग तो सरळ झाला आणि म्हणाला, "तुमी म्हणता तर मंग." त्यानं वरची नळी बंद केली, व्हॉल्व्ह उघडला आणि हवेचा पहिला धक्का दिला.

चाक अर्धा फेरा फिरलं, इंजिन खोकलं आणि थांबलं. दुसऱ्या धक्क्याला एक फेरा, एक मोठा बार, आणि इंजिनाच्या तोंडातून काळा धूर. तिसऱ्याला चाक नुसतं डुललं. हवेच्या टाकीचा काटा खाली टेकला.

मॅनेजर तावातावानं मिस्त्रीपुढे आले. "ज्योत पाहिली नव्हतीस?"

मी तोंड उघडलं होतं. मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाला, "पायली व्हती साहेब. माझी चूक झाली."

मॅनेजर वीस माणसांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. मिस्त्री खाली मान घालून ऐकत उभा होता. शेवटी ते म्हणाले, "आज सणाचा दिवस आहे म्हणून सोडतो. पुन्हा असं झालं तर त्याच दिवशी हिशेब." शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चलो, तेलाचे दिवे हायत ना. लक्ष्मी दोन्हीकडून येती." आणि माणसं घेऊन गेले. पूजा समयांवर आणि पणत्यांवर झाली, जशी आमच्या बिजलीघराच्या आधी शेकडो वर्षं होत होती. म्हणजे ज्यासाठी माझा जीव मेटाकुटीला आला होता, त्यातून कुणाचं काहीच अडलं नव्हतं.

ब्लोअर परत सुरू झाला. दोन माणसं हातपंपावर बसली. मी तोटीजवळ उभा होतो आणि तिथून हलायची लाज वाटत होती. अर्ध्या तासानं मिस्त्री आला, तोटी उघडली, काडी ओढली. आणि ती पेटती काडी त्यानं तोटीच्या डाव्या बाजूला, चांगली चार बोटं लांब धरली. गॅस पेटला नाही. त्यानं दुसऱ्या हातानं पाइप चाचपला, अंगठा तोटीच्या तोंडाशी आणला आणि काडी अंगठ्यापाशी नेली. ज्योत पेटली तशी अंगठा मागे घेतला. त्याच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला जुन्या-नव्या भाजण्याचे डाग होते. मी चार महिने तो हात बघत होतो.

"बाबू," तो हळू म्हणाला. फटाके आता थांबले होते. "आता खरं सांगा. काय रंग हाय?"

"लाल," मी म्हणालो.

"किती?"

"अर्धी."

"बरं. मंग थांबू."

आठ वाजता दिवे लागले. पहिल्या धक्क्याला.

त्या दिवशी रजिस्टरात मी "कोळसा ओला" असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण घरी फराळाचं ताट पुढे आलं तेव्हा चकली तोंडात फिरेना. मला माझाच राग आला होता, आणि माझ्या स्वभावाला एकच उपाय माहीत होता: राग आला की बोलून मोकळं व्हायचं. सकाळी अभ्यंगस्नान करून, नवा सदरा घालून मी मॅनेजरच्या घरी गेलो. पाडव्याचा दिवस, त्यांनी मला बसायला सांगितलं, लाडू दिला. मी लाडू हातात धरून सांगून टाकलं, "साहेब, काल चूक मिस्त्रीची नव्हती. ज्योत लाल होती. मी निळी म्हणून सांगितलं."

सांगितल्यावर मला फार बरं वाटलं. हे इथे लिहायलाच पाहिजे. जेमतेम एक मिनिट वाटलं, पण वाटलं.

मॅनेजर रागावले नाहीत. ते म्हणाले, "तू सांगितलंस. पण तो तिथेच उभा होता ना? मग तो स्वतः काय बघत होता?"

हा प्रश्न येणार हे कुठल्याही शहाण्या माणसाच्या आदल्या दिवशीच ध्यानात आलं असतं. मला खरं बोलायची इतकी घाई झाली होती, की खरं संपतं कुठे हे मी पाहिलंच नव्हतं.

"तो रोज तुला विचारतो?"

लाडूचा भुगा नव्या सदऱ्यावर सांडत होता. मॅनेजर उठले, चपला घातल्या आणि थेट बिजलीघराकडे निघाले. मी मागोमाग. मिस्त्री खोलीच्या दारात अंघोळ करून बसला होता. मॅनेजरनी हाताची बोटं वर करून विचारलं, "किती?" मिस्त्रीनं आवाजाच्या दिशेनं नमस्कार केला, मग माझ्या पायांच्या दिशेनं मान वळवली. माझ्या चपला करकरायच्या, त्याला त्या माहीत होत्या.

मॅनेजरना दोष द्यायला मला आवडलं असतं. पण ते म्हणाले ते बरोबर होतं. "ज्याला दिसत नाही त्याच्या हाती मी विषारी गॅस दिलाय. कुणी लवंडलं तर मी काय सांगू?" त्यांनी त्याला आठ दिवसांची मुदत दिली, खोली रिकामी करायला. डोळ्यांत मोतीबिंदू होता, दोन्हीकडे पिकलेला. औरंगाबादला दाखवून घे, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "व्हय साहेब." जाणार नाही हे दोघांनाही कळलं होतं.

त्या आठ दिवसांत तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. त्याचाही मला राग आला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. शेवटच्या दिवशी शहागडकडच्या एस.टी.ला वेळ होता. त्याची पत्र्याची पेटी मी उचलली, ती त्यानं उचलू दिली. शेडच्या दारात तो थांबला आणि म्हणाला, "चला, येक दाखवायचं राह्यलं."

आत ब्लोअर फिरत होता. त्यानं तोटी उघडली, अंगठ्यानं चाचपून काडी लावली. "डोळे मिटा," म्हणाला. मी मिटले. "ऐका. लाल आसली की फडफडती, ओल्या धोतरावानी. निळी आसली की सरळ सूं करती. आयकू येतंय?"

मला ब्लोअरशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी डोळे उघडले.

"म्हणजे तुम्ही रोज ऐकूनच ठरवत होता? मग मला कशाला विचारत होता?"

"कान बी म्हातारे झाले, बाबू. दोघाचं जुळलं की मंग व्हॉल्व्ह उघडत व्हतो. तुमी चार महिने कधी चूक सांगितली न्हाई. त्या दिशी फटाक्यात मला कायबी आयकू आलं न्हाई. मंग तुमच्यावर सोडलं."

मी म्हणालो, "मिस्त्री, मी साहेबांना सांगितलं ते तुमच्यासाठीच."

"माहीत हाय." त्यानं तोटी बंद केली. "साहेब मला बोलून मोकळे झाल्ते. मी आयकून घेतल्तं. मिटल्तं ते. आणखी वरीसभर मी काढलं असतं, तुमी रंग सांगितला असता तर." आवाजात काही तिखट नव्हतं, हेच माझ्या जास्त जिव्हारी लागलं. "खरं बोलायचं व्हतं ते मला बोलायचं, बाबू. मी इचारत व्हतो की रोज."

एस.टी. आली. पेटी टपावर चढवली. खिडकीजवळ त्याला जागा मिळाली आणि तो खिडकीबाहेर नाही, समोर बघत बसला. नंतर तो शहागडला मुलीकडे राहिला एवढं कानावर आलं. मी कधी गेलो नाही. जायचं ठरवायचो आणि तिथे काय बोलायचं यावर अडायचो.

डिझेल इंजिन पुढच्या वर्षी आलंच नाही, त्याच्या पुढच्या वर्षी आलं. तोवर तोटी माझ्याकडे. मिस्त्री गेला त्या संध्याकाळी मी काडी लावली तेव्हा ज्योत पिवळी होती. पाच मिनिटांनी परत लावली, पिवळीच. तिसऱ्यांदा निळी झाली. मी डोळे मिटले, कान जवळ नेला. फडफड की सूं, काही केल्या कळेना. दारात शेठजी छडी टेकून उभे होते. "बाबू, आज भी?" त्यांनी विचारलं. मी डोळे उघडून ज्योत परत एकदा बुडापासून शेंड्यापर्यंत बघितली.

"निळी हाय," मी मोठ्यानं म्हणालो. ब्लोअरवरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, कारण त्यानं काही विचारलं नव्हतं. मग मी वरची नळी बंद केली आणि व्हॉल्व्ह उघडला.